करविधेयक मंजूर होतं सभागृहात, बदलतं कुठे?

प्रश्न असा आहे: 'प्राप्तिकराचा अख्खा नवा कायदा लोकसभेत गोंधळात काही मिनिटांत मंजूर झाला. मग संसदेतल्या करांवरच्या चर्चेला अर्थ काय? कुणाच्या बोलण्याने एखादं कलम कधी बदललं आहे का?'

बदललं आहे. पण टीव्हीवर जिथे दिसतं तिथे सहसा नाही. मी करसल्लागार म्हणून तीस वर्षं काम करतो आहे आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्च याच कागदांत जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता तो दिवस ११ ऑगस्ट २०२५. बिहारच्या मतदार याद्यांच्या फेरतपासणीवरून विरोधक हौद्यात उतरलेले, घोषणा चालू, आणि त्यातच 'प्राप्तिकर (क्रमांक २) विधेयक' मांडलं गेलं आणि त्याच दिवशी आवाजी मतदानाने मंजूरही झालं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेतून पार. ५३६ कलमं, १६ परिशिष्टं. आमच्या ऑफिसात आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणारी मुलगी संध्याकाळी म्हणाली, "सर, मंजूर झालंसुद्धा? मी अजून अनुक्रमणिकेवरच आहे!"

तिचा वैताग खरा होता, पण त्या दिवशीचं चित्र अर्धवट होतं. हेच विधेयक पहिल्यांदा १३ फेब्रुवारी २०२५ ला मांडलं गेलं होतं आणि लगेच ३१ खासदारांच्या निवड समितीकडे गेलं. अध्यक्ष बैजयंत पांडा. समितीने २१ जुलैला अहवाल दिला, त्यात २८५ सूचना होत्या. सरकारने ८ ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेतलं, बहुतेक सूचना त्यात घातल्या आणि ११ तारखेला नवा मसुदा आणला. म्हणजे भांडण, कीस काढणं, स्वल्पविरामावरून अडून बसणं, हे सगळं समितीच्या खोलीत आधीच होऊन गेलं होतं.

त्या खोलीत काय होतं, याचा एक नमुना देतो. फेब्रुवारीच्या मसुद्यात एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य होतं: परतावा हवा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. वाचताना यात काहीच खटकत नाही. आता समजा, एक निवृत्त शिक्षिका आहे. करपात्र उत्पन्न नाही, पण १५एच फॉर्म (करपात्र उत्पन्न नाही, असं बँकेला लिहून देण्याचा) द्यायचा राहिला म्हणून बँकेने ठेवींच्या व्याजावर टीडीएस कापलाय. जुलैत त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन झालं, विवरणपत्राची तारीख हुकली. १९६१ च्या कायद्यात त्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरून आपले पैसे परत घेऊ शकत होत्या. नव्या मसुद्याप्रमाणे तेच पैसे सरकारजमा. कर देणं लागत नसलेल्या बाईला निव्वळ तारीख हुकल्याचा एवढा दंड! समितीने ते वाक्य काढायला सांगितलं आणि ते गेलं.

घरभाड्याच्या उत्पन्नातून जी ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, ती पालिकेचा कर वजा केल्यानंतरच्या रकमेवर मोजायची, हेही तिथेच स्पष्ट झालं. एका कंपनीला दुसऱ्या कंपनीकडून मिळालेल्या लाभांशावरची एक वजावट मसुद्यातून गळली होती, ती परत आली. यातल्या एकाही गोष्टीवर कुणी बाकं बडवणार नाही. पण लोकांच्या खिशाला भिडतात त्या याच गोष्टी.

समितीत काम का होतं? कारण तिथे पक्षादेश नसतो आणि कॅमेरा नसतो. सभागृहात पक्षांतरबंदी कायद्यामुळे सत्ताधारी खासदार विरोधात मत देऊ शकत नाही. समितीत तोच खासदार अधिकाऱ्याला विचारू शकतो, 'हे असं का लिहिलंय?' आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

समितीकडे गेलं म्हणजे तरलंच, असंही नाही. प्राप्तिकर कायद्याची जागा घेण्यासाठी आखलेल्या प्रत्यक्ष कर संहितेचं विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये मांडलं गेलं, वित्तविषयक स्थायी समितीकडे गेलं, यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने मार्च २०१२ मध्ये जाडजूड अहवाल दिला, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक बारगळलं. आम्ही त्या संहितेवर दोन वर्षं व्याख्यानं झोडली होती. त्यांच्या नोट्स अजून कपाटात आहेत.

आता वित्त विधेयक. हा प्राणीच वेगळा आणि माझी खरी तक्रार याच्याबद्दल आहे.

वित्त विधेयक बजेटसोबत येतं. ते धन विधेयक म्हणून मांडलं जातं, त्यामुळे अनुच्छेद १०९ प्रमाणे राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस आणि शिफारशी. लोकसभेने त्या नाकारल्या तर विषय संपला. २०१७ पासून बजेट १ फेब्रुवारीला येतं आणि सगळं ३१ मार्चच्या आत उरकतं. पूर्वी बजेट फेब्रुवारीच्या शेवटी यायचं, सुरुवातीच्या दोनेक महिन्यांपुरतं लेखानुदान (खर्चाची तात्पुरती मंजुरी) व्हायचं आणि वित्त विधेयक मे महिन्यापर्यंत रेंगाळायचं. रेंगाळण्याचा एक फायदा होता. २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींनी ७ मे रोजी वित्त विधेयकावर बोलताना करचुकवेगिरीविरोधी सर्वसाधारण नियम, म्हणजे 'गार', वर्षभर पुढे ढकलले आणि ब्रँड नसलेल्या दागिन्यांवरचं अबकारी शुल्क मागे घेतलं. सराफांनी मार्चपासून दुकानं बंद ठेवून रान उठवलं होतं. तेवढा वेळ मिळाला म्हणून ते शक्य झालं. तारीख अलीकडे आणल्याने खात्यांना १ एप्रिलपासून पैसे मिळतात, तो फायदा खोटा नाही. पण त्याची किंमत वित्त विधेयकाच्या छाननीने मोजली, असं माझं मत आहे.

आणि ही छाननी कधीकधी शून्यावर येते. १४ मार्च २०१८ ला लोकसभेत सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या एकदम मताला टाकल्या गेल्या (याला संसदेत 'गिलोटिन' म्हणतात) आणि वित्त विधेयकही चर्चेविना गेलं. २४ मार्च २०२३ ला पुन्हा तेच. त्या वेळी विधेयकाबरोबर ६४ सरकारी दुरुस्त्या मंजूर झाल्या. त्यातली एक डेट (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या) म्युच्युअल फंडांची होती: १ एप्रिलनंतर घेतलेल्या युनिट्सवर दीर्घकालीन नफ्याची सवलत नाही, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही, नफा सरळ तुमच्या स्लॅबने करपात्र. १ फेब्रुवारीच्या विधेयकात याचा मागमूस नव्हता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'आत्ता टाकू का पैसे?' असे फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला.

हा रस्ता नवा नाही. २०१७ च्या बजेटमध्ये रोखीच्या व्यवहाराची मर्यादा ३ लाख सुचवली होती. मार्चमधल्या दुरुस्तीत ती २ लाख झाली. पॅनला आधार जोडण्याची सक्तीही त्याच वर्षी अशीच मागच्या दाराने आली. लोकसभेच्या नियम ८० प्रमाणे दुरुस्ती विधेयकाच्या कक्षेतली असावी लागते. म्हणून अर्थमंत्री आधी तो नियम त्या दुरुस्तीपुरता स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडतात, तो आवाजी मतदानाने संमत होतो आणि मग दुरुस्ती येते. सगळं नियमाला धरूनच असतं.

तेव्हा मला गोंधळापेक्षा हे जास्त टोचतं. गोंधळात मंजूर झालेलं पण पाच महिने समितीत घासलेलं विधेयक मी एक वेळ पत्करीन. शांत सभागृहात शेवटच्या आठवड्यात आलेली, कुणी न वाचलेली दुरुस्ती जास्त महागात पडते.

पण दुरुस्तीचा हाच टप्पा कधीकधी करदात्याच्या बाजूनेही चालतो, आणि तुमच्या प्रश्नाचं सर्वात थेट उत्तर इथेच आहे. २३ जुलै २०२४ च्या बजेटने घर-जमिनीच्या विक्रीवरचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के केला आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, काढून टाकली. दर उतरला म्हणून पहिल्या तासाभरात अभिनंदनाचे मेसेज फिरले. मग लोकांनी कॅल्क्युलेटर काढले.

तुम्हीही करून पाहा. २०१०-११ मध्ये ३० लाखांना घेतलेला फ्लॅट ऑगस्ट २०२४ मध्ये ७० लाखांना विकला. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत होते ३० लाख गुणिले ३६३ भागिले १६७ (विक्रीच्या आणि खरेदीच्या वर्षाचे सरकारी महागाई निर्देशांक), म्हणजे सुमारे ६५ लाख २१ हजार. नफा ४ लाख ७९ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे साधारण ९६ हजार. नव्या पद्धतीने नफा ४० लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ५ लाख. अधिभार आणि उपकर दोन्हीकडे सोडून दिलेत. 'कमी' झालेल्या दराने कर पाचपट! ज्यांच्या घराची किंमत फार वेगाने वाढली त्यांना नवी पद्धत परवडत होती. ज्यांची किंमत जेमतेम महागाईइतकी वाढली ते भरडले जात होते.

पुढचे दोन आठवडे बाहेर ओरड झाली आणि सभागृहातही खासदारांनी हा मुद्दा धरला. ७ ऑगस्टला लोकसभेने विधेयक मंजूर केलं तेव्हा त्यात दुरुस्ती होती: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल, तर निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना दोन्ही पद्धतींनी कर काढून कमी असेल तो भरता येईल. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे चार लाख वाचले. कंपन्यांना, भागीदारी संस्थांना आणि अनिवासी भारतीयांना मात्र ही मुभा नाही. त्यांच्या बाजूने ओरडणारं कुणी नव्हतं, असं मी म्हणेन.

खासदारांच्या भाषणांबद्दल तुम्ही जरा कुत्सितपणे लिहिलंय, त्यावर दोन शब्द. वित्त विधेयकावर बोलायला उठलेला खासदार आपल्या मतदारसंघातल्या रेल्वे फाटकावर बोलतो आणि आपण हसतो. पण नियम २१९ त्याला तशी परवानगी देतो: सर्वसाधारण प्रशासन, केंद्राच्या अखत्यारीतली स्थानिक गाऱ्हाणी, आर्थिक धोरण, सगळं चालतं. मागे तत्त्व जुनं आहे. राजाने पैसे मागायचे असतील तर आधी रयतेची तक्रार ऐकावी. तेव्हा फाटकावर बोलणारा नियमातच बोलत असतो. कलमावर बोलणारे दुर्मिळ असतात, हे मात्र खरं.

मंत्र्यांचं भाषण मात्र नीट वाचावं, कारण ते कोर्टात पोचतं. याचा सर्वोच्च न्यायालयातला १९८१ चा एक निकाल आम्हाला विद्यार्थिदशेत पाठ करायला लावला होता. केरळमधल्या एका माणसाने १९५८ मध्ये १६,५०० रुपयांना घेतलेलं घर १९६५ मध्ये त्याच किमतीला सून आणि मुलांना विकलं. प्राप्तिकर अधिकारी म्हणाला, बाजारभाव ६५,००० आहे, मधल्या ४८,५०० वर कर भर. वर एक पैसाही जास्त घेतल्याचा आरोप नव्हता. कलमाचा शब्दशः अर्थ लावला तर अधिकारी बरोबर होता. न्यायालयाने मात्र १९६४ मध्ये ही तरतूद आणताना अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी संसदेत काय म्हणाले होते ते उघडून पाहिलं. विक्रीची किंमत कागदावर कमी दाखवणाऱ्यांना पकडण्यासाठी ही तरतूद आहे, प्रामाणिक व्यवहारांसाठी नाही, असा त्याचा आशय होता. करदाता जिंकला. साध्या सदस्याच्या भाषणाला हे वजन नाही, विधेयक मांडणाऱ्याच्या भाषणाला आहे. म्हणून चर्चेला मंत्री जे उत्तर देतात त्याची प्रत मी दरवर्षी फायलीला लावतो. सतरा वर्षांनी कुणाच्या तरी कामी येऊ शकते.

संसदेतली खरीखुरी, दीर्घ, परिणाम करणारी करचर्चा पाहायची असेल तर जीएसटीची पाहा. ती घटनादुरुस्ती होती, त्यामुळे धन विधेयकाचा आडमार्ग बंद होता. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवी होती, वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता, आणि राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. मे २०१५ मध्ये लोकसभेने मंजूर केलेलं १२२ वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत अडलं, निवड समितीकडे गेलं, आणि ३ ऑगस्ट २०१६ ला २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालं. अण्णा द्रमुकने तेवढा सभात्याग केला.

मधल्या सव्वा वर्षात विधेयक बदललं. आंतरराज्य मालपुरवठ्यावर एक टक्का जादा कर माल बनवणाऱ्या राज्याला द्यावा, अशी तरतूद आधी होती. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडूसारख्या उत्पादक राज्यांच्या समाधानासाठीच ती घातली होती, पण तिने करावर कर चढला असता आणि जीएसटीचा मूळ हेतूच गेला असता. विरोधकांनी धरून ठेवलं आणि ती गेली. राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाई 'देता येईल' याचं 'दिली जाईल' झालं. २०२० मध्ये कोविडने वसुली कोसळली, केंद्र आणि राज्यं भरपाईवरून भांडू लागली, तेव्हा राज्यांच्या हातात तोच एक शब्द होता. शेवटी केंद्राने कर्ज काढून पैसे दिले.

गंमत पुढे आहे. एवढ्या झगड्याने आलेल्या जीएसटीचे दर त्यानंतर संसदेच्या हातातून जवळजवळ सुटलेच. ३ सप्टेंबर २०२५ ला केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत काढले. २२ सप्टेंबरपासून मुख्य दर ५ आणि १८, आणि चैनीच्या व हानिकारक वस्तूंना ४०. देशातल्या जवळपास प्रत्येक बिलावर परिणाम करणारा निर्णय, आणि तो लागू झाला अधिसूचनांनी. संसदेचं अधिवेशनही चालू नव्हतं. ते कायदेशीरच होतं, कारण २०१७ च्या कायद्यात संसदेने केंद्रीय जीएसटीला कमाल २० टक्क्यांची मर्यादा घालून आतला दर ठरवायचा अधिकार सरकारला दिलेला आहे. राज्याचे २० धरले की बरोबर ४०. म्हणजे २०१७ मध्ये आखलेल्या रेषेला आपण आता टेकलो आहोत. त्यापलीकडे जायचं झालं तर सरकारला पुन्हा सभागृहात यावं लागेल.

कंपनी कराचंही तसंच. २० सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे वर्षाचा १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला गेला. संसदेने त्यावर डिसेंबरमध्ये शिक्का मारला. तोवर कंपन्यांनी नव्या दराने आगाऊ कर भरला होता. त्या चर्चेत विरोधी मत देऊन काय होणार होतं?

राष्ट्रीय आर्थिक धोरण करविधेयकात कुठे लपतं, असं कुणी विचारलं तर मी उपकरांकडे बोट दाखवीन. केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना द्यावा लागतो, पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला. पण उपकर आणि अधिभार त्या वाटणीत धरत नाहीत. २०२१ च्या बजेटने पेट्रोलवर लिटरमागे अडीच आणि डिझेलवर चार रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला आणि तेवढंच उत्पादन शुल्क कमी केलं. पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून लोकही हलले नाहीत. मूळ शुल्कातून जेवढी रक्कम उपकरात सरकली, तेवढी राज्यांच्या वाटणीतून मात्र सुटली. अशा कलमावर राज्यांचे खासदार तुटून पडायला हवेत. पडतातही काही, पण ते रात्री आठला बोलतात आणि बातमी सकाळीच छापून गेलेली असते.

आता तुमच्यासारख्याने काय करावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी अनुभवाचं एक सांगतो. आमच्या संघटनेने एका वर्षी ४२ पानी निवेदन पाठवलं होतं, करप्रणालीच्या तत्त्वज्ञानापासून सुरुवात करून. पोचही आली नाही. दुसऱ्या वर्षी एकच पान पाठवलं: कलमाचा क्रमांक, एका काल्पनिक पगारदाराचं गणित, आणि कोणता शब्द बदलला की अन्याय टळेल तो शब्द. त्यावर अधिकाऱ्याचा फोन आला. शब्द त्या वर्षी बदलला नाही. पुढच्या वर्षीच्या विधेयकात बदललेला दिसला. आमच्या पत्राने बदलला की आणखी पन्नास पत्रांनी, देव जाणे. निवड समित्या जाहीर आवाहन करून सूचना मागवतात, त्याला मुदत थोडी असते, आणि बहुतेक लोकांना त्याचा पत्ता अहवाल आल्यावर लागतो.

आर्टिकलशिपवाली ती मुलगी आता जुन्या कायद्याची कलमं आणि नव्याची कलमं शेजारी शेजारी मांडून तक्ता करते आहे. फेब्रुवारीचा मसुदा आणि ऑगस्टचा कायदा यांतल्या फरकाचा तिसरा रकाना मी तिला मुद्दाम घालायला लावलाय. तो रकाना तिच्या अपेक्षेपेक्षा बराच भरला आहे.